रंगरावांचं लंगडं पिलू

आकुर्डीत अस्वलाचं सोंग करावं तर रंगरावांनीच, कारण त्यातलं निम्मं काम देवानं आधीच उरकून ठेवलं होतं. पोट गोल, मान आखूड, केस कानाच्या पाळीवरसुद्धा. चालताना असं वाटायचं की एका सदऱ्यात दोन माणसं शिरली आहेत आणि कुठं जायचं यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. ते सायकलवर बसले की सायकल आधी एक उसासा सोडायची, मग निघायची. त्या सायकलवरून ते रोज देहूरोडच्या लष्करी डेपोत जात. तिथं त्यांचं काम लाकडी खोकी ठोकायचं. हातात हातोडी आणि तोंडात खिळे, त्यामुळे दिवसभर बोलता येत नसे. ते साठलेलं सगळं बोलणं संध्याकाळी गावावर ओतलं जाई.

शनिवारी डेपोच्या मैदानात जवानांसाठी सिनेमा लागायचा. दोन खांबांना पांढरा पडदा ताणायचा, साहेबलोकांना खुर्च्या मांडायच्या, जवानांना सतरंज्या अंथरायच्या. हे काम करणाऱ्या मजुरांना सिनेमा फुकट बघायची मुभा होती, पण पडद्याच्या मागच्या बाजूला बसून. मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं दिसतं. पुढच्यांना जो माणूस उजव्या हातानं सलाम ठोकताना दिसतो, तो मागच्यांना डाव्या हातानं ठोकतो. रंगरावांनी पुष्कळ इंग्रजी सिनेमे असे पाठीमागून पाहिले आणि विलायतेतली माणसं झाडून सगळी डावखुरी असतात, असा पक्का निष्कर्ष काढला. कुणी शंका घेतली तर ते विचारायचे, "तू पायलंस का मी?"

बावन्न सालच्या दिवाळीनंतर त्यांनी असाच एक अस्वलाचा सिनेमा पाहिला. त्यात माणूस औषधालाही नाही. सगळी रंगानं काढलेली चित्रं, आणि ती चित्रं चालतात, बोलतात, एकमेकांच्या टाळक्यात लाटणं घालतात. एक अस्वल असतं, त्याची पावाची भट्टी असते. हवालदारासारखा ऐटबाज एक कोंबडा रोज येऊन त्याला शिस्त शिकवतो. एक दिवस अस्वलाच्या हातून पिठात काहीतरी जास्त पडतं आणि पीठ फुगायला लागतं. परातीतून भट्टीवर, भट्टीवरून खिडकीबाहेर, आणि शेवटी अख्खं घर उचलून आभाळात! आत अस्वल, कोंबडा, आणि पाव घ्यायला आलेली बदकीण आपल्या पिलांसकट. घर ढगांतून चाललंय आणि कोंबडा आत सगळ्यांची हजेरी घेतोय.

हा सिनेमा रंगरावांनी पहिल्यांदा सांगितला तो भागूला.

भागू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ती तान्ही असताना तिला ताप आला आणि जाताना तिच्या उजव्या पायातलं बळ घेऊन गेला. एक पाय टेकायचा, दुसरा ओढून आणायचा, असं तिचं चालणं. म्हणून काही ती घरात बसून राहायची नाही. पोरं ओढ्याकडं पळाली की ही त्यांच्या मागं. ती पोचायची तेव्हा खेळ मोडायच्या बेतात असायचा. मग ती म्हणायची, "आता घरलाच जायाचं ना? मंग मी म्होरं निघते, तुमी या मागनं." स्वभाव बापाचा होता. रडण्याजोग्या गोष्टीवर आधी हसून घ्यायचं, रडायला मागाहून वेळ असतोच.

त्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला. दाराच्या समोरच्या भिंतीकडं तिचं अंथरूण होतं. डॉक्टर आले, बाटलीतलं औषध देऊन गेले. जाताना ते म्हणाले की यावर एक नवं सुईचं औषध आहे, पण ते मुंबईला मिळालं तर मिळतं. रंगराव मुंबईला जाऊन आले, मिळालं नाही. पुढं दोन वर्षांनी त्याच औषधाचा भलामोठा कारखाना पिंपरीला, म्हणजे त्यांच्या घरापासून सायकलीच्या अर्ध्या उसाशावर, उभा राहिला. रंगराव मग काही काम निघालं तरी पिंपरीच्या बाजूला जात नसत, चिंचवडावरून वळसा घालून जात. पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी त्यांनी दारापासून अंथरुणापर्यंत अस्वल होऊन दाखवलं, कोंबडा होऊन दाखवला, फुगलेलं पीठ तर त्यांना होऊन दाखवावंच लागलं नाही. भागू हसली. मग दम लागला म्हणून थांबली आणि म्हणाली, "दादा, त्यात माझ्यावानी कुनी न्हाई का?"

सिनेमात तसं कुणी नव्हतं. बदकिणीची पिलं होती, पण सगळी एका साच्यातली, धडधाकट.

"हाय की!" रंगराव म्हणाले. शब्द तोंडातून निघून गेला, आणि मग त्या शब्दामागं त्यांना धावत जावं लागलं. "शेवटलं पिलू. लंगडं हाय. सगळी रांगेत म्होरं, ते आपलं मागं. म्हनून तर घर उडालं तवा ते आत नव्हतं!"

"मंग?"

"मंग काय! घराला एक दोरी लोंबत असती. सगळं गाव वर बघतंय, कुनाला काय सुचंना. आन् हे येतंय मागनं." रंगराव एक पाय ओढत दारापासून अंथरुणाकडं आले. भागूच्या गोधडीचं टोक त्यांनी दातात धरलं आणि मागं मागं सरकत ओढलं. "असं धरलं दोरीला चोचीत, आन् आनलं सबंध घर खाली!"

भागू इतकी हसली की स्वयंपाकाच्या खोलीतून तिच्या आईनं, मंजुळाबाईंनी, ओरडून विचारलं, "काय चाललंय बापलेकीचं?" त्या चुलीपाशी होत्या. मधे भिंत होती. त्यांना फक्त हसणं ऐकू आलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तोच सिनेमा. पुढं पुढं भागू म्हणायची, अस्वल नको, कोंबडा नको, नुसतं पिलू दाखवा. रंगराव नुसतं पिलू दाखवत. शेवटच्या संध्याकाळी ती हसली ते आवाज न करता हसली, कारण आवाजाला लागणारा श्वास तिच्याकडं उरला नव्हता. पहाटे तीही उरली नाही.

मंजुळाबाईंनी अन्न सोडलं. शेजारणी भाकरी घेऊन येत आणि परत घेऊन जात. एकदा रंगराव समोर बसले होते, तेव्हा त्या अचानक म्हणाल्या, "ती एवढी कशाला हसायची हो?"

रंगरावांनी पिलाचं सांगितलं.

"त्या सिनेमात खरंच हाय तसलं पिलू?"

रंगरावांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ताट समोर तसंच होतं.

"हाय की."

"गोऱ्या मानसानं काढलंय?"

"व्हय."

मंजुळाबाईंनी ताट जवळ ओढलं. "म्हंजी त्येच्या घरात बी आसलं लेकरू आसंल," त्या म्हणाल्या. "त्याबिगर कुनाला सुचायचं न्हाई. बघा, कुठला कोन मानूस, आन् त्येनं माझ्या पोरीला जगाच्या म्होरं हुबी केली." आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

आता असा शब्द परत कसा घेणार? रंगरावांनी तो घेतला नाही.

उलट तो सिनेमा त्यांनी गावाला सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला घरी लवकर जावं लागू नये म्हणून सांगत, मग गाव ऐकायला लागलं म्हणून सांगत. उद्धवराव शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांचा खेळ व्हायचा. उद्धवराव हा हाडाचा नास्तिक माणूस. तो देवावर, पंचांगावर आणि गिऱ्हाइकानं सांगितलेल्या मापावरही विश्वास ठेवत नसे. पण पिलू घर ओढायला लागलं की त्याचंसुद्धा शिवणयंत्र थांबायचं. पैलवान हिंदुराव तर दर वेळी डोळे पुसायचे आणि वर म्हणायचे, "धूळ लई झालीय गावात." पिलाचं लंगडणं पाहून एकदा कुणाला भागूची आठवण आली आणि पिलू तिच्यावरूनच बेतलंय की काय, अशी शंका आली. पण उद्धवरावनं ती शंका कापून टाकली. "तिचा उजवा पाय अधू हुता. रंगरावाचं पिलू डावा ओढतंय. मापाचं मला सांगू नका."

दर वर्षी चंपाषष्ठीला खंडोबाच्या माळावर चाकणच्या मीरासाहेबांचा तंबू यायचा. तंबूतला सिनेमा. मीरासाहेब माणूस गोड, पण त्यांची कात्री फार वाईट. यात्रेत गर्दी वाढली की आणखी एक खेळ बसवायचा म्हणून ते रिळं कापत. गाणी जात, स्वयंवरं जात, एका वर्षी तर युद्धाला निघालेला राजा थेट परत येतानाच दिसला आणि बरोबर राणी होती. कुठून आणली, हे गाव अजून विचारतंय. त्यांची बीबी खैरुन्निसा बायकांच्या बाजूची तिकिटं फाडायची आणि नवऱ्याला सगळ्यांदेखत ऐकवायची, "तुमच्या निकाहाचा सिनेमा असता, तर त्यातून मलापण कापलं असतं."

छप्पन साली मीरासाहेब तंबूची जागा ठरवायला आले तेव्हा अख्खी आकुर्डी त्यांच्या पाठी लागली. देवादिकांचे पुरे झाले, रंगरावाचं अस्वल आणा! मीरासाहेबांनी मुंबईत चौकशी केली. कुठल्याशा गोदामात एक जुनी प्रत धूळ खात पडली होती. यात्रेच्या तोंडावर पेट्या घेऊन ते लॉरीतून उतरले आणि आधी रंगरावांना मिठी मारायला गेले. त्यांचे दोन्ही हात रंगरावांच्या पाठीमागं भेटले नाहीत, तरी मिठी मनापासून होती.

"लो रंगराव! तुमचा सिनेमा आला!"

रंगराव मिठीतून सुटले ते तडक घरी गेले.

त्या दिवसापासून गावानं एक विचित्र गोष्ट पाहिली. चार वर्षं ज्या सिनेमाची आरती ओवाळली, त्याचीच रंगराव घरोघर निंदा करत सुटले.

"बगन्यासारखं काय न्हाई राव त्यात."

"आं?" हिंदुराव म्हणाले. "चार वर्सं आमाला हासवून हासवून मारलंस, आन् आता काय न्हाई?"

"मी रंगवून सांगितलं, म्हनून बरा वाटला. चित्रं हायती नुसती. पोराठोरांचं काम."

"मंग तर बगनारच!" उद्धवराव म्हणाला. "ह्यो मानूस कधी खरं बोलत न्हाई. ज्या अर्थी वाईट म्हनतोय, त्या अर्थी सिनेमा एक नंबर असनार."

घरी मंजुळाबाई ट्रंकेपाशी बसल्या होत्या. भागू गेल्यापासून त्या कुठल्या जत्रेला, बारशाला, हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. आज त्यांनी हिरवं लुगडं बाहेर काढलं होतं आणि त्याच्या घड्या हातानं सारख्या करत होत्या.

"तू बी येतीस?" रंगराव म्हणाले.

"येतीस म्हंजी? माझ्या पोरीला बघाया मी न्हाई यायची?"

"थंडी लई पडलीय. पुढल्या वर्षी..."

"पुढल्या वर्षी त्यो कापून टाकंल. मीरासाहेबच त्यो." त्या हसल्या. रंगरावांना आठवेना की हे हसणं यापूर्वी कधी पाहिलं होतं. तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं, खिळे गिळावेत तसं.

संध्याकाळी माळावरून जाताना मंजुळाबाईंनी रेवड्या घेतल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. त्यांना स्वतःला गोड आवडत नसे. रंगरावांनी ती गाठ पाहिली आणि दुसरीकडं पाहिलं.

तंबूत मधे दोर बांधलेला. एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये. खैरुन्निसानं मंजुळाबाईंना पुढं नेऊन बसवलं. रंगराव आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या समोरच्या बाजूनं विलायती सिनेमा बघणार होते, पण ते बसले असे की नजर दोरापलीकडच्या हिरव्या लुगड्यावर राहील.

सिनेमा सुरू झाला. अस्वल आलं आणि गावानं टाळ्या वाजवल्या. निम्म्या अस्वलाला वाजवल्या, निम्म्या रंगरावांना.

"ए, ते तिकडनं यायला पायजे हुतं!" कुणीतरी ओरडलं. "रंगराव डावीकडनं यायचे!"

"कोंबडा बी उलट्या हातानं सलाम ठोकतोय!"

"गप बसा, त्येला थोडंच रंगरावानं शिकवलंय!"

लोक हसत होते. पीठ फुगायला लागलं. मग बदकीण दिसली, तिची पिलं ओळीनं दिसली. मंजुळाबाई गुडघ्यांवर उठून बसल्या. एकेका पिलावर त्यांची मान हलत होती. शेवटचं पिलू आलं आणि दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारत घरात शिरलं. मंजुळाबाईंची मान तशीच पुढं राहिली, अजून कुणीतरी मागून येतंय म्हणून.

कुणी आलं नाही. घर उडालं, कोंबड्यानं हजेरी घेतली, घर ढगांतून फिरलं, एका देवळाच्या कळसाला अडकलं, पीठ फुस्स झालं, सगळे घसरत खाली आले आणि पाव खात बसले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. सिनेमा संपला.

मग हिंदुराव उभे राहिले.

"पिलू कुठाय?"

बस, तेवढंच पुरलं. "पिलू कापलं!" "मीरासाहेबाची कात्री!" "दावा आमचं पिलू!" रंगरावांनी थाप मारली असेल, ही शंका एकालाही आली नाही. रंगराव थापा मारतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण या बाबतीत पिलाचं साक्षीदार अख्खं गाव होतं. चार वर्षं त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. उद्धवराव एकटा म्हणाला, "आहो, चांगला हाय की सिनेमा! मला आवडला. कळसाचं काम काय वाईट हाय?" तर लोकांनी त्याला खाली बसवलं. पिलाशिवाय कळस घेऊन काय चाटायचाय?

मीरासाहेब यंत्रामागून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा ते निर्दोष होते, त्यामुळे त्यांना बोलायची तयारी नव्हती. "कसम खुदाची, या वेळी मी कात्री लावलीच..." एवढं बोलले आणि त्यांना रंगराव दिसले. रंगराव यंत्राच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले होते. एवढा मोठा माणूस, पण हात छातीशी इतके जवळ धरले होते की दुसऱ्या कुणाला दिसू नयेत. मीरासाहेबांनी त्यांची नजर कुठं लागली आहे ते पाहिलं. दोरापलीकडं हिरवं लुगडं अजून तसंच गुडघ्यांवर उठून बसलेलं होतं.

"कापलं," मीरासाहेब म्हणाले. "रीळ सडलेलं होतं. कापलं मीच."

मग त्यांनी ज्या शिव्या खाल्ल्या, त्या इथं देता येणार नाहीत. तंबूचा एक दोर कुणीतरी तोडला आणि कनात एका बाजूनं बसली. खैरुन्निसा नवऱ्याकडं बघत राहिली. त्यानं काय कापलं आणि काय नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती एक शब्द बोलली नाही, आणि हीच त्या यात्रेतली सगळ्यांत नवलाची गोष्ट.

सकाळी गावात दोन तट पडलेले होते. एका तटाचं म्हणणं, सिनेमानं पार निराशा केली. दुसऱ्याचं म्हणणं, सिनेमा झकास होता, निराशा कात्रीनं केली. उद्धवरावचा तिसरा तट होता. त्यात तो एकटाच. त्याचं म्हणणं, जे होतं तेच चांगलं होतं. ओट्यावर हा वाद ऐन रंगात आला असताना रंगरावांना कळलं की मंजुळाबाई घरात नाहीत.

त्या माळावर होत्या. कनातीपाशी, उन्हात, खैरुन्निसा दोर गाठत होती आणि मंजुळाबाई मीरासाहेबांसमोर उभ्या होत्या.

"कापलेला तुकडा कुठाय?" त्या विचारत होत्या. "टाकला तर न्हाई ना तुमी? सडका का आसंना. मला द्या. पडद्यावर नगं, नुसता द्या."

हे मीरासाहेबांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी लाचारपणे बीबीकडं पाहिलं. कापलेल्या तुकड्यांचा एक डबा होता. त्यात स्वयंवरं होती, गाणी होती, तो राजा युद्ध करताना होता. पण पिलू कुठून असणार? शेवटी अस्वलाच्या रिळाचा खरोखरच तुटलेला एक बारीक तुकडा खैरुन्निसाला सापडला. तो तिनं मंजुळाबाईंच्या तळहातावर ठेवला.

मंजुळाबाईंनी तो सूर्याकडं धरला. एकाखाली एक चौकटी होत्या. प्रत्येकीत बदकं होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यांनी एकेक चौकट सरकवत पाहिली. मागून धापा टाकत रंगराव आले, तेव्हा त्यांनी तो तुकडा त्यांच्यासमोर धरला.

"ह्यात लंगडं कोन्तं? मला वळखंना. ही चालतच न्हाईत."

रंगराव तुकड्याकडं पाहत राहिले. एखाद्या चौकटीवर नुसतं बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी बोट वरही केलं. पण मंजुळाबाईंचा चेहरा त्या बोटाला इतका जवळ आला, त्या बोटाखाली आता आपली पोर सापडणार म्हणून, की बोट पुढं जाईना.

"ह्यात न्हाई," ते म्हणाले. "कशातच न्हाई. यांनी कापलं न्हाई काय. ते तिनं इचारलं, माझ्यावानी कुनी हाय का, आन् मी..."

मंजुळाबाईंनी तुकडा खाली घेतला.

"म्हंजी त्या गोऱ्यानं न्हाई काढलं?"

"न्हाई."

"त्येच्या घरात तसलं लेकरू न्हाई?"

"ठावं न्हाई मला."

मंजुळाबाईंनी तुकडा खैरुन्निसाच्या हातात परत दिला, लुगडं सावरलं आणि त्या घराच्या वाटेला लागल्या. रंगराव चार पावलं मागून चालले. हसवायची एवढी कला अंगात, पण त्या वाटेवर ती काही उपयोगाला आली नाही.

घरी आल्यावर मंजुळाबाई उंबऱ्यावर बसल्या. चूल पेटवली नाही.

"मी समजत हुते," त्या म्हणाल्या, "की मी न्हाई बघितलं, पन लोकांनी बघितलंय. कुठं कुठं, बोटी जात्यात तिथं, लोक बसल्यात आन् तिला बघत्यात. आता तुमी म्हनता, तुमी न् तिनंच बघितलं. मी भिंतीच्या पल्याड भाकरी थापत हुते."

रंगराव खाली जमिनीवर येऊन बसले.

"कसं चालायचं ते?"

"आं?"

"पिलू. करून दावा."

"आता नगं..."

"सगळ्या गावाला दावलंत. उद्धव शिंप्याला दावलंत. मला न्हाई?"

रंगराव उठले. दाराशी गेले. वळले आणि डावा पाय ओढत दोन पावलं आले.

"उजवा हुता तिचा," मंजुळाबाई म्हणाल्या. "बाप आसून तुमाला पाय बी ध्यानात ऱ्हायला न्हाई?"

"ध्यानात हाय," रंगराव म्हणाले. "ती त्या भिंतीकडं निजायची. मी तिच्याकडं तोंड करून चालायचो. मी डावा वढला की तिला तिच्या उजव्या अंगाला दिसायचा. आरशात दिसतो तसा. ती म्हनायची, दादा, ह्यो तर माझाच पाय."

मंजुळाबाई उठल्या, दारासमोरच्या भिंतीकडं गेल्या आणि जिथं भागूचं अंथरूण असायचं तिथं खाली बसल्या. त्या जागी चार वर्षांत घरात कुणी बसलं नव्हतं. भिंतीला पाठ टेकवून त्यांनी पाय पसरले.

"आता चाला," त्या म्हणाल्या.

रंगराव चालले. गोल पोट, आखूड मान, कानावर केस, आणि डावा पाय जमिनीवरून ओढत. एक पाय टेकायचा, दुसरा ओढून आणायचा. दारापासून भिंतीपर्यंत अंतर थोडं होतं, पण पिलू नेहमीच उशिरा पोचायचं. ते पोचले तेव्हा पुढं काय करायचं हे त्यांना सुचेना, कारण तिथं आता गोधडी नव्हती.

मंजुळाबाईंनी पदराचं टोक पुढं केलं. त्याला काल बांधलेल्या रेवड्यांची गाठ तशीच होती.

रंगरावांनी गाठ दातात धरली आणि मागं मागं सरकत ओढायला लागले. पदर ताणला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात पदर होता, त्यामुळं त्यांना काही बोलता येत नव्हतं. मंजुळाबाई हसत नव्हत्या. त्या वर आढ्याकडं बघत होत्या.

"वढा," त्या म्हणाल्या. "आजून वरच हाय घर."